आईने न जाळलेली गिटार

काशोएरा, मंगळवार

प्रिय लिंदाउरा,

‘प्रिय’ ही पत्राची रीत आहे, त्यातून जास्त अर्थ काढू नकोस.

तू गायला लागून चाळीस वर्षं झाली म्हणून परवा टीव्हीवर तुझी मुलाखत होती. अख्खी गल्ली आमच्याकडे जमली. दोनदा निवृत्त होऊन दोनदा परत आलीस, तरी लोकांची माया काही आटत नाही. आवाज अजून खणखणीत आहे, हे मलाही मान्य करावं लागतं आणि त्याचाच राग येतो. मग तू डोळे पुसत म्हणालीस, “माझी पहिली गिटार आईने चुलीत घातली.” समोरची मार्लुसी लगेच आईकडे वळली, “काय हो दोना एस्मेराल्दिना, पोरीवर एवढा राग?” नव्वदीला टेकलेली आपली आई म्हणाली, “असेल बाई.”

लिंदाउरा, गिटार बाबांनी जाळली. पिऊन आले होते, “माझ्या घरात हे तमाशे नकोत” म्हणून ओरडत होते. ती बाहेर काढायला आईने पेटत्या चुलीत हात घातला. महिनाभर तिला कारखान्यात चिरूट वळता आले नाहीत. तरी हाताला फडकं गुंडाळून तीच तुला साल्वादोरला रेडिओच्या स्पर्धेला घेऊन गेली. तू तेव्हा दारातच उभी होतीस. सगळं पाहिलंयस.

पण बाबांवरच्या गाण्यानेच तुझं नाव झालं ना! नदीकाठी लेकीला सूर शिकवणारा प्रेमळ बाप. कार्निव्हलमध्ये हजारो माणसं ते रडत रडत गातात. मग आग लावायला दुसरं कोणीतरी हवंच. आई आयती सापडली.

मी चिडले की तीच मला गप्प करते, “ते गाणं खोटं पडलं तर पोरीने काय गायचं? माझं काय, चार दिवस उरलेत.”

रविवारी तू चॅनेलवाल्यांना घेऊन येणार आहेस, मायलेकींची भेट म्हणे. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून हे पत्र. आईने त्यांना होकार दिलाय. कॅमेऱ्यासमोर ती ‘गिटार मीच जाळली’ म्हणणार आहे आणि तुझी माफी मागणार आहे. सकाळपासून आरशासमोर बसून पाठ करतेय. मध्येच विसरते आणि मला विचारते, “झेनाइद, आधी माफी म्हणू, की आधी गिटार?” याचं उत्तर तू येऊन दे. शनिवारी ये. एकटी.

तुझीच, कारण बहीण निवडता येत नाही,
झेनाइद