मे महिन्यात बोट चुकत नाही

३ एप्रिल
पाहुण्यांसाठीचं पत्रक मी लिहायचं ठरलं. मला न विचारता! गावचा अध्यक्ष पान्तेलिस सकाळीच आला. म्हणाला, "बाई, शाळेत आम्हाला निबंध लिहायला लावायचात. आता तुम्ही लिहा." पाहुणे वाढले नाहीत तर बेटावर येणारी हिवाळ्यातली एकुलती बोट बंद होणार म्हणे. औषधंसुद्धा तीच आणते. नाही म्हणणार कसं?

७ एप्रिल
खिडकीतून जो तो डोकावतो आणि सांगून जातो. पाद्रीबाबांना पाहुण्यांचे गुडघे झाकलेले हवेत. खाणावळवाल्याला "ऑक्टोपस रोज ताजा" हवंय. मी लिहिलं — ताजा आहे का विचारावं. मालक आकाशाकडे पाहू लागला तर हरभरे मागवावेत. तेव्हापासून तो माझ्याकडेही बघत नाही.

१२ एप्रिल
लिहून झालं. चपला नकोत, बूट आणा. पाणी जपून वापरा. दुपारी दोन ते पाच कुणाचंही दार वाजवू नका, जीव जात असला तरी. मे महिन्यात बोट चुकत नाही — हे तिकीटवाल्या मान्थोसनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

अडलं ते 'राहण्याची सोय'पाशी. खोल्या दोनच घरी मिळतात. माझ्याकडे आणि झाम्बेताकडे. झाम्बेता माझी सख्खी थोरली बहीण. नऊ वर्षं बोलणं नाही. आई गेल्यावर तिनं आईचं शिवणयंत्र परस्पर उचललं, आणि मी तिला चोर म्हटलं — चर्चच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावासमोर.

तिच्याबद्दल आधी लिहिलं, "खोल्या अंधाऱ्या. कोंबडा त्रासदायक." मग खोडलं. "स्वच्छ. समुद्र दिसतो." खरंच दिसतो. माझ्याकडून पान्तेलिसची गच्ची दिसते.

१८ मे
अकरा पाहुणे! सगळ्यांच्या हातात माझं पत्रक. सगळे बुटात.

२० मे
उत्तरेचा वारा सुटला. बोट आली नाही. अकराजण माझ्या दारात, पत्रकातल्या बोटीच्या ओळीवर अकराजणांची बोटं. आणि वेळ दुपारची तीन! मान्थोस कुठंच दिसेना.

पाचजणांना मी ठेवून घेतलं, सहाजण झाम्बेताकडे. पण खायला काय घालायचं? खाणावळीतला गॅस संपलेला, माझाही. नवा बोटीनंच येणार. तिच्या अंगणात भट्टी आहे. बटाट्यांचं पोतं घेऊन गेले. तिनं पोत्याकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाली. एवढंच.

२१ मे
बोलायचं नाही आणि स्वयंपाक तर एकत्र करायचा! मधे वाउटर. पाहुण्यांतला हा साडेसहा फुटी डचमन ग्रीक शिकलाय तो जुन्या ग्रंथांतून. तो दोघींच्या मधे उभा राहतो आणि निरोप पोचवतो.

झाम्बेता त्याला म्हणाली, "त्या गाढवीला सांग, हरभऱ्यात इतकं पाणी घालत नाहीत."

तो माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाला, "आपल्या भगिनी आपला उल्लेख गर्दभी असा करतात. जलाचे प्रमाणही त्यांस मान्य नाही."

मी हसू दाबायला भट्टीत तोंड घातलं. भुवया थोड्या जळल्या. तिची पाठ हलत होती. खोकत होती म्हणे.

२२ मे
वारा तसाच. पाहुणे खूश आहेत, हे आणखी वाईट. एकजण विचारत होता, उद्याही हेच हरभरे आहेत ना. दुसरं काय असणार!

२३ मे
कांदा चिरताना बोट कापलं. झाम्बेतानं न बोलता चिंधी फाडून बांधली, घट्ट. मग वाउटरला म्हणाली, "सुरी कशी धरायची ते आईनं दोघींना शिकवलं होतं. एकीचं लक्ष नव्हतं."

त्यानं निरोप पोचवला. मी बोटाकडे बघत म्हटलं, "तिला सांग, चर्चच्या पायऱ्यांवर मी बोलले ते चुकलं. तेव्हाच कळलं होतं मला."

वाउटर तिच्याकडे वळलाच नाही. मी पुन्हा म्हटलं, सांग ना.

"त्यांनी ऐकले आहे, बाई," तो म्हणाला आणि वाकून दारातून बाहेर गेला.

झाम्बेता भांडं ढवळत राहिली. मी उरलेले कांदे घरी नेले.

२४ मे
वारा पडला. बोट आली. अकराही गेले. वाउटरनं जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मान्थोसनं ते पाहिलं, म्हणजे गावभर झालं. तोच नंतर हळूच म्हणाला, "बाई, वीस तारखेला बारा तिकिटं होती." बारावं झाम्बेताचं. फक्त जाण्याचं. पिरेअस बंदराला, मुलाकडे, कायमचं. कुणालाही न सांगता. आज तिनं ते परत पाठवलं.

तशीच गेले तिच्याकडे. ओसरीवर तिची मोठी पेटी, दोरीनं बांधलेली. मी पेटीकडे बघत उभी राहिले. तिनं टोपली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली — मला, थेट — "सहाजणांच्या चादरी आहेत. मी एकटीनंच धुवायच्या का?"