सगळ्या जगांतली अनुपमा

५ ऑक्टोबर १९८६, रविवार

ठरलं! अनुचं लग्न ठरलं! मुलुंडला जाऊन आलो. स्थळ असं की बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत. मुलगा श्यामसुंदर — इंजिनियर, बोलायला मऊ, आणि अनु बोलते तेव्हा ऐकून घेतो. मी काशीराम, आरेच्या तबेल्यांत पेंडीची पोती सांभाळणारा माणूस. माझी पोरगी तत्त्वज्ञानात एम. ए. करते आणि मुलुंडची शिकली-सवरलेली माणसं तिला सून करून घ्यायला आमच्यापुढे काजू ठेवतात! आहे की नाही?

उठता उठता विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात हां. श्यामसुंदरची राधिका — कसं वाटतं?" मी लगेच म्हणालो, झकास! जोडी शोभतेच. सगळे हसले. अनु हसली नाही. बोरीवली येईपर्यंत एक शब्द नाही.

६ ऑक्टोबर

अजून बोलत नाही. आमटी खारट झाली होती, तेही कुणाला सांगितलं नाही तिनं.

९ ऑक्टोबर

आज तोंड उघडलं. "अण्णा, नाव माझं आणि झकास तुम्ही म्हणालात?"

मी म्हटलं, अगं रीतच आहे. तुझ्या आईचं नाही बदललं? ती मेली का त्यानं?

"मी वर्षभर काय लिहितेय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

आता काय सांगू! 'शक्य जगं' एवढंच माहीत होतं. आरेत सगळ्यांना तेवढंच ऐटीत सांगायचो आणि कुणी पुढे विचारायच्या आत विषय बदलायचो. मग तिनंच बसवून सांगितलं. जे घडलं ते एक जग. पण घडू शकलं असतं असंही खूप असतं, त्या प्रत्येकाचं एक एक जग धरायचं. "समजा, तुम्ही आरेत लागलाच नसता. वर्सोव्याला होडीवर असता. तर होडीवर कोण असतं?" मी म्हटलं, मी. "मी म्हणजे कोण?" काशीराम! "बघा! नोकरी काढली, बोरीवली काढली, आम्हाला सगळ्यांना काढलं, तरी काशीराम राहिलाच. बाकी सगळं बदलून बघता येतं, अण्णा. पण ते कुणाचं बदललं, हे नाव सांगतं. नाव त्याच माणसाला धरून राहतं — सगळ्या जगांत."

हुशार आहे साली! तेव्हापासून वर्सोव्याचा काशीराम डोक्यात फिरतोय. त्याला पोहता येत असणार. मला येत नाही.

पण लग्नाचं काय? म्हटलं, बाई गं, अभ्यास वेगळा, संसार वेगळा. हो म्हणून टाक. तर म्हणते, "राधिका व्हायचं असेल तर लग्नालाच नाही म्हणेन." वाट लागली!

१२ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या कमलताईंकडे टीव्ही बघायला गेलो. सिरियलमध्ये एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. कमलताई डोळ्यांना पदर लावून रडल्या. मी म्हटलं, पुढे काय केलं असेल हो तिच्या बापानं? नाव तरी काय त्याचं? अनु म्हणाली, "त्याला नावच नाही, अण्णा. लेखकानं दिलं नाही. गोष्टीतली जगं अर्धवट असतात. जे सांगितलं नाही त्याला उत्तरच नसतं."

बिचारा! पोरीचं लग्न मोडलं आणि त्याला धड नावही नाही. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस! काय लिहू आणि काय नको!

अंधेरीच्या कॉलेजात परिसंवाद होता. अनु निबंध वाचणार. मी सफारी घातला. हिला म्हटलं, चल. तर म्हणे, "माका काय कळतला त्यातला? तुमी जावा." एकटाच गेलो. शेवटच्या बाकावर बसलो — आणि बघतो तर काय, पुढून तिसऱ्या रांगेत श्यामसुंदर! अनुनेच बोलावलेला. घाम फुटला मला.

अनु उभी राहिली. आवाज जराही थरथरला नाही. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं, पण माना डोलावत होतो. टाळ्या एकदा चुकीच्या जागी वाजवल्या. कुणी वळून बघितलं तर बघू दे.

शेवटी एक टक्कल पडलेले सर उठले. म्हणाले, "बाई, लग्नात आपल्याकडे नाव बदलतात. मग कुठलं नाव खरं?" हॉल हसला. अनु म्हणाली, "दोन्ही नावं त्याच बाईकडे जातात, सर. फरक एवढाच की दुसरं ठेवताना तिला कुणी विचारत नाही."

"पहिलं तरी कुठे विचारून ठेवलेलं असतं?"

"बारशाला मला बोलता येत नव्हतं, सर. लग्नात येतं."

अरे, काय सांगू! हॉल दणाणला! मी उभाच राहिलो. बाजूच्या मुलाला म्हटलं, माझी मुलगी आहे ही, माझी! डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी बोलत होतो.

मग पुढे बघितलं. श्यामसुंदरची जागा रिकामी.

१९ ऑक्टोबर

मुलुंडहून काही नाही. कमलताईंकडे फोनसाठी तीनदा जाऊन आलो. अनु शांतपणे वेणी घालत बसली होती. मला जमत नाही बुवा असलं.

२१ ऑक्टोबर

विहीणबाई आल्या! श्यामसुंदरला घेऊन, न कळवता! घरात दूध नाही — आरेतल्या माणसाच्या घरात दूध नाही! कमलताईंनी दिलं.

विहीणबाई बसल्या त्या ताठ. "सभेत बोललीस ते आधी माझ्याकडे येऊन सांगायचं होतंस."

अनु म्हणाली, "चुकलंच माझं. पण तुम्हीही आधी मला विचारायचं होतंत."

गेलं स्थळ, मी मनात म्हटलं. श्यामसुंदर कपाकडे बघत म्हणाला, "आई, तांदळात नाव मी लिहिणार ना? मग मला जे नाव येतं तेच लिहीन." विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तोंडाची तिखट आहे हो तुमची मुलगी."

आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, "आहेच! माझी आहे ती! झकास मी म्हणालो होतो, तिनं नाही. तो शब्द मी मागे घेतो. मोडायचं तर मोडा, पण नाव अनुपमाच राहणार!" कुठून आलं तोंडात देव जाणे. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती.

विहीणबाई चहा पूर्ण प्यायल्या. मग म्हणाल्या, "मोडतंय कोण? तारीख काढा."

७ डिसेंबर, रविवार

लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले आणि श्यामसुंदरनं अंगठीनं लिहिलं — अनुपमा. मी ते ताट सगळ्यांना दाखवून आलो. व्याह्यांना, कमलताईंना, आचाऱ्यालासुद्धा! "बघा, काय लिहिलंय वाचा!" मग ताट हिच्याकडे दिलं. ही ते हातात धरून बराच वेळ उभी राहिली. कुणीतरी 'ठेवा आता' म्हणालं तेव्हा खाली ठेवलं.

घर रिकामं वाटतं. पण छाती एवढी फुगलीय की सफारीचं बटण तुटलं.

९ डिसेंबर

आरेत माझ्या जोडीच्या भीमराजला सगळी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. तो गोणी शिवता शिवता म्हणाला, "आणि वहिनींचं आधीचं नाव काय रे?"

मला वाटलं, आठवणार नाही. पण पटकन आठवलं — शेवंती! मुंबईत शेवंती कशाला, म्हणून मीच तांदळात विमला लिहिलं होतं. बघ, म्हटलं, लक्षात आहे माझ्या! भीमराजनंही मान डोलावली.

बसमध्ये विचार केला. मुलुंडवाल्यांना जमलं ते आपल्याला का नाही? आपण काय मागासलेले आहोत? हिचं नाव हिला परत देऊन टाकायचं. खूश होईल.

१० डिसेंबर

सकाळी बाहेरच्या खोलीतून मोठ्यांदा हाक मारली — "शेवंती!"

पिठाचे हात तसेच. धावत आली ती माझ्यासमोरून सरळ दाराकडे गेली. कडी काढली, जिन्यात वाकून खाली बघितलं. मग वळली. इतकी हसताना मी तिला कधी बघितली नव्हती. मला विचारते, "गावसून कोण इला?"