मूठभर कोंड्याचं नाव

आये, तुझ्या लेकाच्या नावाची कमान झाली रस्त्यावर. चाकणच्या कंपन्यांचे कंटेनर दिवसभर तिच्याखालून जातात. मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. ती मधेच म्हणाली, "आजी, न्हाई नको, नाही लिहिते." म्हटलं, "बाई, आमच्या घरात एकदा एक शब्द सुधारला होता, तेवढा पुरे झाला." शेवटी 'न्हाई' माझं आणि बाकी शुद्धलेखन तिचं, असं ठरलं. "कुठला गं शब्द?" विचारते. तेच सांगायचंय, पण तिला न्हाई, तुला.

माझ्या पाठचे दोघं तुझ्या मांडीवरच गेले. तिसरा झाला तेव्हा तू त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलंस, शेजारणीनं उचलला, आणि तिच्याकडून तू तो मूठभर कोंड्याला परत घेतलास. नाव ठेवलंस कोंड्या. इतकं हलकं लेकरू मरणाला कशाला हवंय, हा तुझा कावा. चाललाही बरीच वर्षं. गोवर आला, विहिरीत पडला, प्रत्येक वेळी उठून भाकरी मागितली त्यानं. मग एका सकाळी तू मला म्हणालीस, "ह्याला शाळंत घालून ये, आन् मग शेळ्या सोड." शाळा माझ्या वाट्याला आली ती उंबऱ्यापर्यंतच. त्या दिवसापासून वहीत त्याचं चांगलं नाव लागलं, आणि त्याच नावानं तो फौजेत गेला. तू मात्र ते कधी तोंडात घेतलं न्हाईस.

लढाईत तार आली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. तू पीठ चाळतेस. टपालवाला दारात उभा राहून नाव वाचतो. मान वर न करता तू म्हणतेस, "असं कुणी आमच्यात न्हाई. फुडल्या घरी बघ." तो बिचारा खरंच पुढच्या घरी जातो. तीन घरं फिरून तो परत येईपर्यंत, आये, तुझा कोंड्या जिता होता. तेवढा वेळ तू चाळणी थांबवली न्हाईस. पीठ कधीच खाली गेलं होतं, नुसता कोंडा चाळत होतीस.

तेराव्यानंतर तू मला घेऊन शाळेत गेलीस. भरल्या वर्गात म्हणालीस, "मास्तर, माझं लेकरू म्या कोंड्यात झाकून ठिवलं व्हतं. तुमी नाव बदललं आन् मरणाला दावलं." मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, टोपी काढली आणि म्हणाले, "चुकलं माझं, वहिनी." डोळे मिटेपर्यंत तू त्यांना शिव्याशाप दिलेस. मी ऐकत बसले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याला शाळेत घातलं त्या सकाळी एका पोरानं नाव दगडू सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. कोंड्यानं माझा परकर घट्ट धरला. मास्तर म्हणाले, "भावाचं नाव काय गं?" मी कीर्तनात ऐकलेलं राजपुत्राचं नाव सांगून मोकळी झाले. गावभर कोंड्या कोंड्या चालायचं, मास्तर काय बहिरे होते? हसले आणि लिहिलं. माझं स्वतःचं नाव त्या हजेरीत कधी लागलं न्हाई. म्हणून तर ऐंशी उलटली तरी मरणाला मी सापडेना.

परवा कमानीच्या कार्यक्रमाला दिघीहून फौजी आले, बिगूल वाजला. शाळेच्या पोरांनी 'अमर रहे' केलं, मोठ्या नावानं. मला शाल दिली आणि माइक पुढं केला. "आजी, भावाबद्दल दोन शब्द बोला." जन्मभर गिळलेलं ओठावर आलं होतं. म्हणाले काय, तर, "लेकरं उन्हात उभी केलीत, पाणी पाजलं का त्यांना?" सगळे हसले. टाळ्यासुद्धा पडल्या.

नातीचं पेन थांबलंय. "आजी, तू लहान होतीस गं," म्हणते. म्हटलं, गुमान लिही. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई. टाकलं तरी तू कुठं वाचणार, आपण दोघी सारख्याच. एकच राहिलं. सगळे गेल्यावर कमानीखाली उभी राहून मी नातीला ते नाव मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. रागावू नकोस आये, मला ते अजून आवडतं.