वळणाची आतली कड

३ मार्च, सोमवार
रस्ता वाकडा! वरून पाहिला तर देखणा, टेकडीवर मस्त वळसा घेत ग्रंथालयाच्या दारात. बाजूने पाहिला तर कलंडलेला. कारण उघड आहे. संगणकावर मी तो जमिनीचाच तुकडा म्हणून काढला. जमीन झुकते तिकडे तोही झुकला. पुसला. आता फरशीसारखा वेगळा काढलाय, दर दोन मीटरवर उंची माझी मी दिली. रस्ता टेकडीने ठरवायचा नाही. आपण ठरवायचा!

५ मार्च, बुधवार
जमलं! बाराला एक – बारा मीटर गेल्यावर एक मीटर चढ. मधल्या रेषेवर कुठेही मोजा. एकच मोठं वळण, आणि वळणाबाहेर माझी लाडकी जागा: उघड्यावरचं व्यासपीठ. ग्रंथालयाला आवाजही हवा. (बरं, मला हवा.)

इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, समोर पायऱ्या, चाकाच्या खुर्चीला मागे लिफ्ट. विषय संपला." मागे म्हणजे कचऱ्याच्या डब्यांशेजारी. बघतेच ग्रंथालय समितीच्या सभेत!

७ मार्च, शुक्रवार
जिंकले! "मागच्या दाराने सामान नेतात, माणसं नाही!" – यावर टाळ्या थांबेनात. धाकट्या भावाचं उदाहरण दिलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "चाकाच्या खुर्चीला झेपेल ना नक्की?" म्हटलं, "कुठेही मोजा, बाराला एक. शब्द देते." नऊ विरुद्ध चार. जाताना इंजिनिअर पुटपुटला, "बोलून चढ कमी होत नसतो, मॅडम." जळू दे.

नकाशे मंगळवारी कंत्राटदाराकडे.

८ मार्च, शनिवार
विजय दाखवायला लॅपटॉप धाकट्याच्या मांडीवर ठेवला. नऊ वर्षं झाली त्याच्या चाकाच्या खुर्चीला. ग्रंथालयातली पुस्तकं मीच आणून देते – "तुझ्या आवडीची," असं तो म्हणतो.

वळणावर त्याने बोट ठेवलं. "मी इथून जाईन."

"अरे, ती अगदी आतली कड."

"मग? बाहेरून फेरा कोण मारील? हात माझे दुखतात, तायडे, तुझे नाही."

मी हसले. आणि हसता हसता थांबले. आतली कड आखूड, पण उंची तेवढीच गाठायची! मोजलं. वळणावर मधली रेषा एकोणीस मीटर, आतली कड अकरा. सातला एक.

"हा नाही चढणार मी. उलटा गडगडेन." मग वर – "उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

त्याच्या नावावर सभा जिंकली. त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

९ मार्च, रविवार
उपाय आहे. वळण पूर्ण सपाट करायचं, तिथला चढ सरळ भागांत टाकायचा. रस्ता एकोणीस मीटर वाढतो, निम्मा वळणाआधी, निम्मा नंतर; म्हणजे वळण साडेनऊ मीटर पुढे सरकतं – थेट व्यासपीठावर.

दोन तास व्यासपीठ वाचवत बसले. लहान केलं, फिरवलं, कोपऱ्यात दाबलं. छे! शेवटी ते निवडलं आणि पुसलं. एक कळ, बस्स.

अध्यक्षबाईंना फोन केला. "माझा आकडा चुकलाय. उद्याच सभा बोलवा."

"अहो, नऊ मतं हातात आहेत! कोण मोजायला बसलंय?"

"चढणारा बसलाय ना."

धाकटा ऐकत होता. म्हणाला, "मीही येतो. पण घराच्या उंबरठ्यापलीकडे मला ढकलायचं नाही."

१० मार्च, सोमवार
मी तीन वाक्यांत चूक सांगितली आणि बसले. पुढे तोच बोलला. टाळ्या नाहीत, नुसते प्रश्न, आणि सगळे त्याला. इंजिनिअरने तर वही काढली! ठराव तेराच्या तेरा मतांनी: यापुढे प्रत्येक नकाशा आधी त्याच्याकडे, मग माझ्या सहीला.

घरी आलो. नेहमीसारखी मी खुर्ची उचलायला वाकले. तो म्हणाला, "थांब. पहिला शेरा लिहून घे – हा उंबरठा काढायचा."

नऊ वर्षं मी तो उचलत होते. मोजला आज. चार इंच.