काकूंनी राखलेली अब्रू

आई, आज तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू नाहीस, म्हणून लिहितोय. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनच्या ऑफिसातून आत्ताच घरी आलो. इथे अमेरिकेत आमच्यासारख्या दोन पुरुषांना लग्न करता येऊ लागलं त्याच्या आदल्याच वर्षी तो गेला. आता सरकार म्हणतं, तेव्हा तुम्हाला अडवलं ते चुकलं, तुम्ही संसार करत होतात हे दाखवा, मागे राहिलेल्या जोडीदाराची पेन्शन तुम्हालाही देऊ. दाखवा म्हणे. या चँडलर गावातला सगळा संसार आम्ही तो लपवण्यातच केला. मंडळाच्या गणपतीत तो माझा रूममेट असायचा, आणि फोनवर तुझ्याशी बोलतानासुद्धा रूममेटच.

साक्षीला शेजारच्या काकूंना नेलं. त्याच्या आजारपणात त्या रोज मऊभात आणून द्यायच्या, तो गेला त्या सकाळीही माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत असणार असं मी धरून चाललो. तोंडाने सांगायचं मात्र आजही टाळलं. काउंटरवरच्या बाईने आमच्या नात्याबद्दल विचारलं तेव्हा काकू ताठ बसून म्हणाल्या, "नो नो मॅडम, दे वेअर लाइक ब्रदर्स. व्हेरी डिसेंट बॉइज." बाहेर आल्यावर मला हळूच म्हणतात, "तू टेन्शन घेऊ नकोस रे, मी त्यांना काही वेडंवाकडं लिहू दिलं नाही." माझी अब्रू राखली त्यांनी. गाडीत डब्यातली थालीपीठं पुढे केली आणि मी खाल्ली.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातला माणूस तुझ्या पेन्शनचे कागद घेऊन आपणहून घरी आला होता. स्वयंपाकघरात बायका तुझं कुंकू पुसत होत्या आणि मी दारात उभा राहून त्यांच्यावर ओरडत होतो. तू मलाच गप्प केलंस. "त्यांना त्यांचं करू दे," म्हणालीस. ते मला अजूनही रानटीच वाटतं. पण तुझं कोण गेलं, हे तुला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. तो गेला त्याच आठवड्यात मी ऑफिसच्या मीटिंगला जाऊन बसलो होतो, कारण रूममेट गेला म्हणून रजा मिळत नाही.

तू दर वेळी मेतकुटाच्या दोन पुड्या पाठवायचीस, एक माझी, एक त्याची. तुला कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. साक्षीला तूच हवी होतीस. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो: आज त्या काउंटरसमोर बसलो असताना मला तुझ्या त्या मोकळ्या कपाळाचा हेवा वाटला.