शिक्क्याचं जॅकेट

मंगळवार, संध्याकाळ

हातातून तो ओलसरपणा जात नाहीये.

आज अर्नाळ्याचे हरेश्वरकाका आमच्या वसई पूर्वेच्या गाळ्यात आले आणि त्यांनी टेबलावर दोन लाइफजॅकेटं ठेवली. एक आम्ही बनवलेलं, तपासणीचा शिक्का असलेलं. दुसरं बाजारातलं, स्वस्तातलं. गेल्या महिन्यात बोट उलटली तेव्हा आमचं काकांच्या अंगावर होतं आणि दुसरं त्यांच्या धाकट्या भावाच्या, नितीनच्या. काका तरंगत राहिले. नितीन बुडाला.

"दाबून बघ, बाय."

मी दाबलं. आत साधा स्पंज, खाऱ्या पाण्यानं अजून दमट. रंग मात्र आमच्यासारखाच नारिंगी.

"पानी पिऊन जड झालं ते. शिक्का कोन बघतं?"

मग म्हणाले, मच्छीमार सोसायटीनं ठरवलंय, आता सगळ्या बोटींवर शिक्क्याचीच जॅकेटं, आणि ती आमच्याकडूनच घ्यायची. इतकी वर्षं आमचा माल महाग म्हणून गिऱ्हाईक परत जायचं. तपासणीचा खर्च कोणाला दिसतच नव्हता. याच ऑर्डरची वाट बघत होतो ना आपण? मग तो दमट स्पंज अजून का जाणवतोय?

विनयनं, माझ्या नवऱ्यानं, चाचरत विचारलं, "काका, जाहिरातीत तुमचा फोटो टाकला तर?"

"टाक. कोनाचा तरी जीव वाचेल. फक्त नितीनच्या बायकोला दिसेल तिथं नको लावू."

ते गेल्यावर विनय म्हणाला, "गावाबाहेर लावू." पण काकाच सांगत होते, आता नितीनची बायको मासळीची टोपली घेऊन पार लांब तुळिंजपर्यंत सगळे बाजार फिरते.

मी फोटो नको म्हणाले.