बिनतयारीचं विज्ञान

८ जून, रविवार

झालं! जीभ आवरली नाही का हे असं होते.

सुभद्राताईच्या गच्चीवर आज घरशाळेच्या गटाची बैठक. चार घरं, नऊ पोट्टे, शाळेत कोणीच जात नाही. भाषा-गणित वाटून झालं. विज्ञानाचं नाव निघालं अन् साऱ्या मांगं सरकल्या! सुभद्राताईची दवाखान्यात नर्सची ड्युटी, माझं राजापेठेत शिवणाचं दुकान — तयारी करत बसन कोण? मी म्हणलं, "ज्याले काही तयारीच लागत नाही असा कोर्स घ्या ना." सुभद्राताई म्हणे, "मंग तुमीच निवडा अन् तुमीच शिकवा. तुमी तं बीएस्सी!"

बीएस्सी! मागं एकदा मी म्हणलं होतं, "आमच्या घरी बीएस्सी आहे." म्हणजे नितेश. माझा नवरा! त्याईनं मलेच बीएस्सी धरलं. तवाही मी नुसती हासली, आजही नुसती हासली.

इथं तरी खरं लिहावं. मी नववी नापास. विज्ञानात. सर फळ्यापाशी उभं करत, मी म्हणत जाओ "मले मालूम नाही", अन् सारा वर्ग खदखदा हासे. निकालानंतर शाळेत पाऊलच टाकलं नाही. गटात हे कळलं तं काय तोंड दाखवू?

११ जून, बुधवार

पयला कोर्स पाह्यला. मोबाइलवरचा. तयारी काहीच नाही, व्हिडिओ लावा अन् बसा. माझ्या आचलनं (अकरा वर्षाची, पण तोंड चाळिशीतलं) दहा मिनिटं पाह्यला. मंग म्हणे, "आई, या काकाले मधात थांबवून काही विचारता येते काय?" नाही येत. शाळेतही विचारता येत नव्हतं म्हणूनच तं तिले काढलं. रद्द!

१५ जून, रविवार

दुसरा कोर्स पेटीवाला. पेटीवर मोठ्ठं लिहिलं — 'तयारीची गरज नाही'. आत बावन्न पानं सूचना, 'पालकांनी आधी वाचून ठेवाव्यात'. तिसऱ्या पानावर भरदुपारी घोरायले लागली, म्हणे नितेश. "मी समजावून देऊ काय?" म्हणे. म्हणलं, "मंग तूच घे ना तास." तो म्हणे, "घेतो. पण आधी त्याईले सांग, बीएस्सी कोण आहे थे." मी पेटीचं झाकणच लावलं.

२१ जून, शनिवार

अकोल्याच्या गटाच्या भावनाताईनं वह्या पाठवल्या. त्याईनं स्वतःच बनवल्या. एका धड्याले एकच पान. वर एक प्रश्न, मधात घरातल्या दोन-तीन वस्तू, अन् खाली चौकटीत — 'मोठ्यांची तयारी: मुलांनी उत्तर विचारलं तर न लाजता म्हणावं, मला माहीत नाही, पाहू.'

तीनदा वाचलं. माय वं! ज्या शब्दाईपायी माझी शाळा सुटली, थेच इथं तयारी? मंग माझी तं नववीपासून पक्की आहे!

हाच कोर्स. ठरलं.

२९ जून, रविवार

धडा पयला: कापूस पाण्यात बुडते का?

उशीतला कापूस मी नेला, दवाखान्यातला सुभद्राताईनं आणला. परातीत पाणी. उशीतला मजेत तरंगून राहिला. दवाखान्यातला गपकन बुडाला! "काहून?" नऊ तोंडं माझ्याकडं. पदर मुठीत धरला अन् म्हणलं, "मले मालूम नाही. पाहू."

कोणी हासलं नाही. एक पोट्टं नाही! उलट भांडणच लागलं. सुभद्राताईची पिंकी म्हणे, उशीतल्याले सरकीचं तेल लागलं असन. आचल म्हणे, दवाखान्यातला धुतलेला असन. शेवटी ठरलं, उशीतला कापूस धुण्याच्या सोड्यात उकळून पाहाचा.

येताना गाडीवर गाणं म्हणत आली. अडतीस वर्षाची घोडी!

२ जुलै, बुधवार

कापूस उकळला, खळबळून दुकानाच्या दोरीवर वाळू घातला. ब्लाउज टाकायले आलेल्या बाया विचारतात, "हे काय वं रागिणी?" म्हणलं, विज्ञान!

१३ जुलै, रविवार

बुडाला!! उशीतला कापूस बुडाला! कापसावर मेणाचा बारीक थर असते, थो सोड्यानं निघते — हे नितेशनं मागून सांगतलं. पण शोधलं पोट्ट्याईनं.

पाहाले भावनाताई खास अकोल्याहून सकाळच्या बसनं आल्या होत्या. म्हणे, "आमच्याकडच्या आयांना हे 'माहीत नाही'च जमत नाही हो. कुठूनतरी उत्तर ओढून आणतात. तुम्ही या अकोल्याला, त्यांना शिकवा. कार्यक्रमाच्या पत्रकात नावापुढं बीएस्सी लिहू ना? सुभद्राताई सांगत होत्या."

यावेळी हासता आलं नाही. पोट्टे समोर बसलेले. ज्याईले दोन आठवडे 'मले मालूम नाही' बिनधास्त सांगतलं, त्याईच्या पुढं हे कसं खपवू?

"नाही. बीएस्सी माझा नवरा. मी नववी नापास. विज्ञानात."

सुभद्राताई चिडली. खरोखरच चिडली. "इतके दिवस आमाले येडं बनवलं काय!" मी मान खाली घालून परात पुसत बसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. मंग माझ्या हातातली परात घेऊन तीच हळूच म्हणे, "जाऊ दे वं. पंधरा वर्षं थो कापूस वापरून राहिली, काहून बुडते मलेही मालूम नव्हतं. मी तं 'मालूम नाही' असं म्हणलंही नाही."

भावनाताई पेन धरून बसल्या होत्या. "मग काय लिहू?"

म्हणलं, "नववी नापासच लिहा. मोठ्या अक्षरात."

इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

सतरा नंबरचा फॉर्म भरला. दहावीले बाहेरून बसाचा. आचलचा नाही — माझा! तिनंच माझा फोटो चढवला अन् विचारलं, "आई, विज्ञानात पास होशीन काय?"

"मले मालूम नाही," म्हणलं. "पाहू."